दहा वाजता, चाळीस फूट!

‘तिकीट अलीकडचं करून मिळतं का गं?’

बाबांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तेव्हा कुठे मी लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. जानेवारी २०२४. आई-बाबांना ऑरलँडोला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि परतीचं तिकीट होतं मार्चअखेरचं. आईचं मस्त चाललं होतं. तिला वरच्या मजल्यावरची तेलुगू काकू सापडली, इंडियन स्टोअरमध्ये ताजा कढीपत्ता सापडला, लायब्ररीत फुकटचा योगा क्लास सापडला. बाबांना मात्र काहीच सापडत नव्हतं. उठायचं, चहा घ्यायचा, खिडकीशी बसायचं. खिडकीतून दिसतं काय, तर पार्किंग लॉट. ‘आज लाल गाडी उशिरा निघाली,’ एवढंच त्यांचं दिवसभराचं बातमीपत्र. डिस्नेला नेलं तर म्हणाले, ‘छान आहे. पण रांगेत उभं राहायला एवढ्या लांब कशाला यायचं?’

आणि मी? ऑनसाइटवाल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. महिनाअखेरीला रिलीज. दिवसा इथला क्लायंट, रात्री पुण्याची टीम. आई-बाबांना अमेरिका दाखवायला बोलावलं आणि दाखवली काय, तर माझी पाठ!

बाबा मूळचे देवबागचे. तारकर्लीचं वीकेंड पॅकेज केलेल्यांना ठाऊक असेल, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. बाबा शाळा बुडवून खाडीत गरवायला जायचे. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. हातात दोरी, टोकाला गरी, गरीला कोळंबी. मग अकरावी झाली, मुंबईला काकांकडे आले, बँकेत लागले, गिरगावातून डोंबिवली झाली. गरी सुटली ती सुटलीच. एरवी ते आमच्याशी शुद्ध डोंबिवली मराठीत बोलतात. मालवणी येते ती फक्त राग आला की किंवा मासा दिसला की.

आमच्या ऑफिसात एकाच्या डेस्कवर फोटो आहे. गुडघाभर पाणी, हातात तांब्याच्या रंगाचा भलामोठा मासा, चेहऱ्यावर बत्तिशी. ‘कुठे रे?’ विचारलं तर म्हणाला, ‘मॉस्किटो लगून. इथून सव्वा तास. गाइड घे, हिवाळ्यातच जा.’ नावच डासांची खाडी! पण थंडीत डास नसतात म्हणे. मी त्याच रात्री बुक केलं. चार तास, दोन माणसं, साडेचारशे डॉलर. बाबांना सांगितलं तर आधी डोळे चमकले, मग बँकवाल्या मेंदूनं गुणाकार केला. ‘सदतीस हजार? एवढ्यात भाऊच्या धक्क्यावरची टोपली येईल!’

खरा बॉम्ब मी नंतर टाकला. तिथला लाल मासा, ज्याला सगळे रेडफिश म्हणतात, धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. तसा कायदा होता.

बाबा दोन मिनिटं गप्प. मग मालवणी सुरू. ‘मासो धरूचो आणि परत सोडूचो? आणि त्येचे पैसे आपणच देवचे?’

आईनं या चर्चेत भाग घेतला नाही. तिनं फक्त विचारलं, ‘दुसरे कुठले मासे मिळाले तर आणता येतील ना? मी मसाला वाटून ठेवते.’

मी कॅप्टनला फोन केला. इथे गाइडला कॅप्टनच म्हणतात. पैसे घेऊन लोकांना बोटीतून न्यायचं तर कोस्ट गार्डचं लायसन्स लागतं. मी आपलं हुशारीनं विचारलं, ‘पहाटे पाचला येऊ का?’ आपल्याकडे मासेमारी म्हणजे काळोखातच निघायचं, हे डोक्यात फिट्ट. तो हसला. म्हणाला, ‘हिवाळा आहे. नऊच्या आधी आलात तर आपण फक्त सूर्योदय बघू. मासे अजून अंथरुणात असतात.’

शनिवारी सकाळी बाबा तयार! अंगात हाफ स्वेटर, डोक्यावर माकडटोपी, हातात आईनं दिलेला स्टीलचा डबा आणि केळी. निघण्यापूर्वी त्यांनी मुंबईहून आणलेलं कालनिर्णय उघडून बघितलं. ‘दशमी. भांगाचं पाणी. भरती फार नसणार.’ गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘तरी त्याला विचार, भरती किती वाजता.’

मॉस्किटो लगून म्हणजे फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राला समांतर पसरलेलं उथळ खारं पाणी. समुद्र आणि त्याच्यामध्ये वाळूची एक लांबलचक पट्टी. (बाबा लगेच: ‘देवबागच हे!’) उत्तरेला न्यू स्मर्ना बीच, दक्षिणेला थेट केनेडी स्पेस सेंटर. पाण्याच्या पलीकडे धुक्यातून एक पांढरा चौकोनी ठोकळा दिसत होता. नासाची १६० मीटर उंच इमारत, चंद्रावर जाणारी रॉकेटं जिथे जोडली ती. सरासरी खोली मात्र पुरुषभरसुद्धा नाही. चंद्रावर जायची सोय शेजारी आणि पाणी कमरेएवढं!

कॅप्टन पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, मोजकं बोलणारा. त्यानं बाबांशी हात मिळवला, त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि चेहरा पडला. ‘केळी आहेत?’ आहेत. ‘बोटीत चालणार नाहीत.’ मला वाटलं सालीवरून घसरायची भीती असेल. पण नाही! अमेरिकन मच्छीमारांमध्ये जुनी समजूत आहे, बोटीत केळं आलं की मासा मिळत नाही. मी बाबांना भीतभीत सांगितलं. सदतीस हजार भरून वर केळ्यांना बंदी, आता भडकणार! पण बाबांनी मान डोलावली. ‘बरोबर आहे. ज्याची होडी, त्याचं शास्त्र.’ केळी गाडीत गेली.

मग त्यांनी विचारायला लावलेला प्रश्न मी विचारला. भरती किती वाजता?

‘इथे भरती नाही,’ कॅप्टन म्हणाला.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खारं पाणी आहे, खाडी आहे, कांदळवन आहे आणि भरती-ओहोटी नाही? पण खरंच नाही. समुद्राकडे उघडणारं मुख पार उत्तरेला आहे. तिथून इतक्या दूर दक्षिणेपर्यंत भरतीचा जोर पोचतच नाही. इथलं पाणी हलतं ते वाऱ्यानं आणि ऋतूनं. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास ते चढतं आणि हिवाळ्यात उतरतं. कालनिर्णय बाद!

बोट म्हणजे एक सपाट तळाची होडी, इथल्या भाषेत स्किफ. वीतभर पाण्यातसुद्धा तरंगते. थोडं अंतर इंजिनावर गेलो, मग त्यानं इंजिन बंद करून वर उचललं, मागच्या उंच फळीवर चढला आणि वीस फुटी काठीनं होडी रेटायला लागला. अभयारण्याच्या एका भागात तर इंजिन चालवायलाच मनाई आहे. पंख्यानं तळाचं गवत कापलं जातं म्हणून. बाबा वळून त्या काठीकडे बघत राहिले. काठी पाण्यात शिरतानाही आवाज नाही, निघतानाही नाही. ‘हात बघ त्याचो,’ बाबा कुजबुजले. मालवणी सुरू झाली होती. मासा अजून दिसायचा होता.

आता हिवाळाच का, ते सांगते. उन्हाळ्यात हे पाणी गरम, गढूळ, वर रोज पाऊस. थंडीत पाऊस थांबतो, पाण्यातलं शेवाळ कमी होतं आणि पाणी अक्षरशः काचेसारखं होतं. पातळी उतरलेली, त्यामुळे रेडफिश उथळात कळप करून राहतात. सकाळी पाणी गारठलेलं. कॅप्टनच्या यंत्रावर १४ अंश दिसत होतं. थंड रक्ताचा प्राणी, तो हलणार कसा? मग नऊ-दहानंतर ऊन चढतं, काळा चिखल आधी तापतो आणि मासे त्या चिखलावर ऊन खायला येतात. आपण सोसायटीच्या गच्चीवर जातो तसे. गाइडला पैसे द्यायचे ते होडी चालवण्याचे नाहीत. कुठला चिखल कधी तापतो, हे ठाऊक असण्याचे.

पण जे पाणी आपल्याला काचेसारखं, ते माशालाही काचेसारखंच. त्याला आपण दिसतो, ऐकूही येतो. कॅप्टननं पहिलाच नियम सांगितला, पाय आपटायचे नाहीत, झाकणं आपटायची नाहीत. पाचव्या मिनिटाला माझ्या हातून स्टीलच्या डब्याचं झाकण पडलं. ठण्ण! समोर पन्नास फुटांवर पाण्याला एकदम उकळी फुटली आणि चाळीसेक मासे दाही दिशांना पळाले. मला तर ते पळाल्यावरच दिसले. कॅप्टन काही बोलला नाही. बाबाही नाही. दोघांनी माझ्याकडे एकाच नजरेनं बघितलं.

गेम असा असतो. पाण्यात कुठेही दोरी टाकून बसायचं नाही. आधी मासा शोधायचा, मग त्याच्यासाठी टाकायचं. उंचावरून कॅप्टनला मासा आधी दिसतो आणि तो घड्याळाच्या भाषेत ओरडतो. होडीचं टोक म्हणजे बारा. डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. तर तो पहिल्यांदा दबक्या आवाजात म्हणाला, ‘दहा वाजता, चाळीस फूट!’

मी भाषांतर केलं. बाबांनी मनगटावरच्या एचएमटीकडे बघितलं. ‘दहा कुठे? साडेनऊच झालेत.’

तेवढ्यात मासा गेला.

घड्याळ समजावून झाल्यावर रॉड समजावणं आलं. बाबांनी जन्मात रॉड धरला नव्हता. पहिली फेक कांदळवनात. दुसरी कॅप्टनच्या बुटाशी. तिसरी मात्र कशी कोण जाणे, सुतासारखी सरळ गेली. आणि तिथून पुढे मला एक गोष्ट कळायला लागली. कॅप्टनच्या ओरडण्याआधीच बाबांची मान वळायची.

पाण्यावर सगळीकडे लहरी होत्या. त्यातल्या बऱ्याचशा बोयांच्या. हो, तीच आपली बोय, जगभरच्या खाड्यांमध्ये सापडते, उगाच पाण्याबाहेर उड्या मारते. मला सगळ्या लहरी सारख्याच. बाबा माझ्या खांद्याला धरून बोट दाखवायचे. ‘थंय बघ. थंय पाणी वायलां हलता. ती बोय नाय. दिसता काय?’

‘नाही.’

‘बघूक शीक.’

महागडा पोलराइज्ड गॉगल माझ्या डोळ्यांवर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे त्यांचे. आणि दिसतंय कोणाला, तर त्यांना!

पहिला मासा लागला तो सीट्राउट. ठिपक्या-ठिपक्यांचा, देखणा. बाबा खूश, कारण हा नेता येतो. कॅप्टननं पट्टी काढली. नियम होता १५ ते १९ इंचांचा. त्याहून लहानही नको, मोठाही नको. ठेवला पट्टीवर. साडेचौदा. ‘शेपूट जरा चिमटून मोजायला सांग,’ बाबा म्हणाले. कॅप्टननं आधीच चिमटली होती. अर्धा इंच! आईचा वाटलेला मसाला डोळ्यांसमोरून पोहत गेला.

कॅप्टनची गंमत म्हणजे तो हळूहळू बाबांशी थेट बोलायला लागला. इंग्रजीत. आणि बाबा मालवणीत. मी मधल्यामध्ये बेकार. त्यानं फोनवर स्नूकचा फोटो दाखवला, लांब जबडा, अंगावरून काळी रेघ. बाबा उडालेच. ‘चोणक!’ मुंबईकरांचा जिताडा म्हणजेच चोणक. सख्खा भाऊ नव्हे, पण चुलतभाऊ शोभेल. तोही जानेवारीत धरून न्यायचा नाही. थंडी त्याला सोसतच नाही. २०१० च्या जानेवारीत फ्लोरिडात अशी कडाक्याची थंडी पडली की स्नूक मरून ढिगानं तरंगत होते, कॅप्टननं हातानं ढीग दाखवला. बाबांनी च्च केलं. त्याला भाषांतर लागलं नाही.

आणि मग माझा फोन वाजला.

म्हणजे व्हायब्रेट झाला. मॅनेजर. पुण्यात रात्रीचे नऊ वाजत आलेले, म्हणजे काहीतरी पेटलेलं. मी मागे वळून खाली बसले आणि फोन घेतला. दोन मिनिटं, फक्त दोनच मिनिटं. कोणीतरी चुकीचं बिल्ड टाकलं होतं. ‘हो, मी बघते. नाही, लॅपटॉप नाहीये जवळ. रोलबॅक करा ना.’ मागे कॅप्टन काहीतरी म्हणाला, अकरा वाजता असं काहीतरी. मग रीळ किंचाळलं. रिळाचा तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. मी ‘वन मिनिट, वन मिनिट’ म्हणत वळले तेव्हा मला दिसली बाबांची पाठ. हाफ स्वेटर, माकडटोपी, वाकलेला रॉड, आणि तर्जनी दोरीवर टेकवलेली. हातदोरीवर गरवायची जुनी सवय. कॅप्टननं त्या बोटाकडे बघून मान हलवली होती, असं मला बाबांनीच नंतर सांगितलं. मी ते बघितलं नाही. फेक बघितली नाही, मासा लागला तो क्षण बघितला नाही. बिल्डचा नंबर मात्र अजून लक्षात आहे.

मासा होडीशी यायला सहा-सात मिनिटं लागली. दोनदा तो जवळ आला आणि दोनदा पळाला. बाबा काही ओढत नव्हते. तो पळाला की ते देत होते, थांबला की घेत होते. शेवटी कॅप्टननं हात ओले करून त्याला उचललं. सव्वीस इंच, तीनेक किलो. घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या कळशीचा रंग आणि शेपटीशी काजळाची तीट लावावी तसा एकच काळा ठिपका. हा घोळीच्या आणि ढोम्याच्या कुळातला. याच्या पोटातली हवेची पिशवी ढोलासारखी वाजते, म्हणून याचं खरं नाव रेड ड्रम.

बाबांनी दोन्ही हातांनी त्याला धरलं. तोलून बघितलं. मला माहीत होतं त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते. डोकं वेगळं, मधल्या तुकड्या वेगळ्या.

‘विचार त्येका,’ ते म्हणाले, ‘खायचो नाय असो ह्या माशान काय गुन्हो केलो?’

गुन्हा माशाचा नव्हता. कॅप्टननं मासा पाण्यात धरून ठेवला होता, आडवा, तोंड पुढे, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून, आणि तशातच तो बोलत होता. काही त्याच्याकडून कळलं, काही मी घरी येऊन वाचलं. १९८० च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोम नावाच्या शेफनं एक डिश काढली, ब्लॅकन्ड रेडफिश. लोण्यात बुडवलेला तुकडा, वर मसाला, आणि धूर निघेपर्यंत तापलेल्या बिडाच्या तव्यावर जवळपास जाळायचा. डिश हिट झाली, देशभरच्या हॉटेलांत पोचली. आणि मेक्सिकोच्या आखातात मोठ्या जाळ्यांनी कळपच्या कळप उचलले जाऊ लागले. काही वर्षांतच सरकारला खोल समुद्रातली ही मासेमारी बंद करावी लागली. २००७ मध्ये तर संघराज्याच्या हद्दीतल्या पाण्यात धरलेला रेडफिश विकायलाच राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही करून मनाई केली. एक रेसिपी! आपल्याकडे पापलेट तंदुरी एवढी हिट झाली नाही ते बरं, असं क्षणभर वाटलं. मग बाजारातली तळहाताएवढी पापलेटं आठवली आणि ते वाटणं मी मागे घेतलं.

पण हे सगळं जुनं. इथल्या खाडीचं दुखणं वेगळं. तिच्या तळाशी गवताची कुरणं होती. कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं, सगळी त्यात वाढायची. घरांच्या सेप्टिक टँकमधून, लॉनवर टाकलेल्या खतांतून नायट्रोजन झिरपत गेला. २०११ मध्ये पाण्यात शेवाळाचा असा काही भडका उडाला की ऊन तळाशी पोचेना आणि गवत मेलं. मग अशीच आणखी काही वर्षं. ते गवत मॅनेटीही खातात. मॅनेटी म्हणजे ढब्बू, शाकाहारी, समुद्रगाय म्हणतात ती. २०२१ मध्ये फ्लोरिडात सुमारे १,१०० मॅनेटी मेल्या, त्यातल्या कितीतरी याच किनाऱ्यावर उपाशी. त्या हिवाळ्यात, म्हणजे २०२१-२२ मध्ये, एका वीजकेंद्राच्या गरम पाण्याशी ऊब घ्यायला जमलेल्या मॅनेटींना सरकारनं चक्क लेट्युस खायला घातलं. नव्वदेक टन! २०२२ च्या सप्टेंबरपासून इथला रेडफिश नेण्यावर बंदी आली आणि आम्ही गेलो तेव्हा ती होती. त्यात एक मेख आहे. इतर ठिकाणचे मोठे रेडफिश अंडी घालायला समुद्राकडे जातात. इथले या खाडीतच घालतात. खाडी गेली तर ते जाणार कुठे?

मी हे सगळं तुटक तुटक मराठीत सांगत होते. बाबा ऐकत होते आणि पाण्याकडे बघत होते. पाणी स्वच्छच होतं, मला तर सुंदरच वाटत होतं. ते म्हणाले, ‘सगळी वाळू दिसता. मियां मगासपासून बघतंय, गवत खंय आसा?’

कॅप्टननं मासा सोडला नव्हता. तो म्हणाला, ‘यांनी सोडावा.’ बाबा गुडघ्यांवर बसले, हाफ स्वेटरची नसलेली बाही सावरल्यासारखं करून शर्ट कोपरापर्यंत चढवला आणि शेपटीशी धरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माशानं एक झटका दिला, बाबांच्या चष्म्यावर पाणी उडालं आणि जागा रिकामी. फोटो कॅप्टननं काढला. त्यात मी मागे आहे, कानाला फोन लावून.

येताना कॅप्टननं मुद्दाम वळसा घेतला. एका उथळ जागी काठी रोवून खाली बोट दाखवलं. वाळूवर हिरवे धागे. विरळ, लहान मुलाच्या जावळासारखे. गेल्या वर्षीपासून परत येतंय, तो म्हणाला. अर्धा तास जास्तीचा गेला, त्याचे त्यानं पैसे घेतले नाहीत.

तुम्हीही ऑनसाइट असाल आणि आई-बाबांना मॉल दाखवून दमला असाल, तर थोडी कामाची माहिती. नोव्हेंबर ते मार्च बेस्ट. गाइडबरोबर गेलात तर वेगळं फिशिंग लायसन्स लागत नाही, त्याचं चालतं. एकटे गेलात तर लागतं. टिप पंधरा ते वीस टक्के. सकाळी कडाक्याची थंडी आणि अकराला घाम, तेव्हा कपडे एकावर एक. मासा न्यायचाय की नाही, हे आधीच विचारा, नियम जागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात. केळी नेऊ नका. आणि फोन... जाऊ दे.

धक्क्याला लागल्यावर कॅप्टन आमिषाची टाकी रिकामी करायला लागला. आत जिवंत कोळंबी टुणटुणत होत्या. चांगल्या बोटभर. सकाळपासून बाबांचा जीव त्यांच्यात अडकला होता. एवढी मोठी कोळंबी आमिषाला? त्यांनी मला कोपरानं ढोसलं. मी लाजत विचारलं, ‘उरलेल्या... खायला चालतात?’

‘मी तर खातो,’ कॅप्टन म्हणाला आणि बर्फासकट पिशवीत भरून दिल्या.

आईनं दार उघडलं तेव्हा घरभर ओल्या खोबऱ्याचा आणि तिरफळांचा वास. ‘मासा?’ बाबांनी पिशवी पुढे केली. आईनं मोजल्या. अकरा. तिनं बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाबा तोवर पेन घेऊन बसले होते. साडेचारशे अधिक टिप ऐंशी, गुणिले त्र्याऐंशी, भागिले अकरा. ‘एक कोळंबी पडली तीन हजार नऊशे नव्व्याण्णवला. बाटाची किंमत!’

मसाला तीन किलोच्या माशाच्या हिशोबानं वाटलेला आणि त्यात अकरा कोळंबी. कालवणात त्या शोधाव्या लागत होत्या. आईनं तिरफळं टाकली आणि स्मोक अलार्म वाजला. तो दर रविवारी वाजतो, त्या दिवशी शनिवारी वाजला, एवढंच. वरची तेलुगू काकू वासानं खाली आली. तिला दोन गेल्या, राहिल्या नऊ.

जेवताना माझा फोन परत थरथरला. मी तो सोफ्यावर फेकला.

‘बाबा, तो मासा लागला कसा, ते सांगा ना.’

बाबांनी हात भातातच ठेवला. ताटाच्या पलीकडे, भिंतीच्याही पलीकडे कुठेतरी बघितलं.

‘अकरा वाजता,’ ते म्हणाले. ‘तीस फूट.’

आईनं मान वळवून घड्याळाकडे बघितलं. साडेसात वाजले होते.